किमान एक्याण्णव

पिकअपच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिकटपट्टी होती आणि गाडीला कुठलं पेट्रोल लागतं तो आकडा तिच्यावर छापलेला होता. त्यातला नऊ दिसत होता. नवाच्या पुढचा आकडा गाडीच्या आधीच्या तीन मालकांपैकी कुणीतरी नखाने खरवडून टाकला होता. काचवाल्याने झाकणापाशी डोकं नेऊन पाहिलं, थुंकी लावून पट्टी पुसून पाहिली आणि शेवटी सासऱ्यांना हाक मारली.

"बाबा, तुम्हाला काही दिसतंय का?"

सासरे गणिताचे निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकून पट्टी पाहिली आणि सरळ होऊन म्हणाले, "नव्वद ते नव्याण्णव. एकूण दहा शक्यता."

"एवढं मलाही कळलं."

"मग चांगलंय की. दोघांचं उत्तर जुळलं."

पंपावरचा माणूस नळी हातात धरून केव्हाचा उभा होता. "साहेब, दहा शक्यता आमच्याकडे नाहीत. दोनच आहेत. एक्याण्णव आणि पंच्याण्णव. सत्त्याऐंशी संपलंय, टँकर संध्याकाळी येईल."

सत्त्याऐंशी असतं तरी उपयोग नव्हता. गेली दोन वर्षं काचवाला तेच भरत आला होता आणि गेले दोन महिने गाडी चढावर टकटक वाजत होती. सपाटीवर ती शहाण्यासारखी चालायची, चढ लागला की आतून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज यायचा. मागच्या खेपेला तर ती चढावर बंद पडून हातभर मागे घसरली होती आणि मागे उभा केलेला आरसा बराच वेळ गुणगुणत राहिला होता. मेकॅनिकने तेव्हाच बजावलं होतं, "तुझ्या त्या सत्त्याऐंशीने ठोकतेय ती. झाकणात आकडा बघ आणि तेवढं घाल." झाकणात आकडा असतो हे मेकॅनिकला माहीत होतं. तो अर्धाच उरलाय, हे त्याला माहीत नव्हतं.

आणि चढ टाळता येण्यासारखा नव्हता, कारण नाचाच्या बाईंचा हॉल चढाच्या वरच होता. बाईंना भिंतीवर आरसा हवा होता. त्यांनी सुवाच्य अक्षरात माप लिहून चिठ्ठी दिली होती. काचवाल्याने पहिला आरसा नेला, तेव्हा बाईंनी टेप लावला आणि म्हणाल्या, "माप चुकलं." दुसरा नेला तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा चुकलं. अहो, चिठ्ठी नीट वाचा ना!" मागे तबकडीवर गाणं चालू, पंधरा-वीस मुली ताल धरून उभ्या, त्यामुळे याहून जास्त बोलणं झालंच नाही. काचवाला खाली येऊन चिठ्ठी पुन्हा वाचायचा आणि पुढची काच आधीपेक्षा जपून कापायचा. सतरा वर्षांत त्याची एकही काच परत आली नव्हती, आणि आता एकाच गिऱ्हाइकाकडे दोन नापास झाल्या होत्या. हे त्याला फार लागलं होतं. तिसरा आरसा आज पाचच्या आत पोचला नाही, तर बाई दुसरा काचवाला बघणार होत्या. तसं त्यांनी निरोपात स्पष्ट कळवलं होतं.

दुपारचा एक वाजला होता. तिसरा आरसा पिकअपच्या मागे, लाकडी घोड्यावर, दोऱ्यांनी आवळून उभा होता. मेकॅनिक फोन उचलत नव्हता.

"पंच्याण्णव घाला," मास्तर म्हणाले.

"एवढं खात्रीने?"

"ऑक्टेन म्हणजे काय, जावईबापू? पेट्रोलचे गुण. पंच्याण्णव गुणांचा विद्यार्थी समोर उभा असताना एक्याण्णववाल्याला कशाला घ्यायचं?"

या युक्तिवादाला पंपावरच्या माणसानेही मान हलवली. काचवाल्याने प्रयोग म्हणून पाचच लिटर भरायला सांगितलं. टाकीत आधीचं जवळजवळ काही उरलं नव्हतं, गाडी पंपापर्यंत आली हेच नशीब. पाच लिटर पडलं, झाकण लागलं, आणि नेमक्या त्याच क्षणी फोन वाजला.

"बोल," मेकॅनिक म्हणाला. त्याचा आवाज खोलातून येत होता. "गाडीखाली आहे मी, पटकन बोल."

"आकडा खरवडलाय दादा. माझ्या गाडीला कितीचं?"

"किमान एक्याण्णव. कळलं? किमान! विसरू नकोस. ठेवतो." कुठेतरी पाना पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

काचवाल्याचा चेहरा पडला. त्याने टाकीकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"काय म्हणाला?" मास्तरांनी विचारलं.

"एक्याण्णवच्या वर जायचं नाही म्हणाला. दोनदा बजावून म्हणाला."

"अरे देवा," मास्तर म्हणाले. आपल्या सल्ल्याने जावयाच्या गाडीचा घात झाला, हे त्यांच्या मनाला चांगलंच झोंबलं. मुलीकडे राहायला आल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नसे. आज पहिल्यांदा विचारलं आणि हे असं झालं. त्यांनी लगेच खिशातून पेन काढलं.

"काढून घेता येईल का?" काचवाल्याने पंपावरच्या माणसाला विचारलं.

"टाकलेलं परत घेत नाही आम्ही. आणि इथे नळी लावून तोंडाने ओढायचं म्हणाल, तर आधी माझी नोकरी जाईल, मग तुमचे दात."

"ओढायचं नाही," मास्तर म्हणाले. "पातळ करायचं. पाच लिटर पंच्याण्णवमध्ये पाच लिटर सत्त्याऐंशी मिसळलं, की सरासरी बरोबर एक्याण्णव."

"सत्त्याऐंशी संध्याकाळी."

"मग एक्याण्णव मिसळू."

"किती लिटर?" काचवाल्याने आशेने विचारलं.

मास्तरांनी चिठोऱ्यावर आकडेमोड सुरू केली, मध्येच थांबले आणि पेनाचं टोपण लावलं. "अनंत."

"म्हणजे?"

"म्हणजे कितीही घातलं तरी एक्याण्णवच्या थोडं वरच राहणार. बरोबर एक्याण्णव व्हायला अनंत लिटर लागेल."

"एवढं आमच्याकडे नाही," पंपावरचा माणूस म्हणाला.

मागे एक गाडी येऊन भोंगा वाजवू लागली. काचवाल्याने पिकअप बाजूला घेतली आणि दोघे आत बसून विचार करू लागले. या पेट्रोलवर चढ चढायचा नाही, एवढं नक्की होतं. सत्त्याऐंशीवर जी गाडी नुसती ठोकत होती, ती पंच्याण्णववर चढाच्या मधोमध काय करील याचा विचारही काचवाल्याला करवत नव्हता, कारण त्या विचारात शेवटी काच फुटत होती. सपाटीवर हळू चालवली तर मात्र सोसेल, असं त्याचं मत पडलं. म्हणजे एकच वाट उरली. हे पाच लिटर सपाटीवर फिरून संपवायचं, पंपावर येऊन एक्याण्णव भरायचं आणि मग चढायचं.

"लिटरला किती देते?" मास्तरांनी विचारलं.

"नऊ किलोमीटर."

"पाच नवे पंचेचाळीस. पंपापासून निघून तुमच्या दुकानावरून, चढाच्या पायथ्याशी वळून, चौकातून परत पंपापर्यंत?"

"तीन भरतात."

"मग पंधरा फेऱ्या. पंधराव्या फेरीच्या शेवटी गाडी इथेच, नळीसमोर रिकामी होईल." मास्तरांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला होता. "सावकाश गेलो तरी पावणेचारपर्यंत मोकळे. पाचला सव्वा तास बाकी."

अशा रीतीने, हात दाखवून अवलक्षण करून घेतलेले दोघेजण सहा महिन्यांच्या बाळाला फिरवावं तशी काळजी घेत गावातून आरसा फिरवू लागले. दर फेरीला मास्तर चिठोऱ्यावर एक रेघ ओढत. तिसऱ्या रेघेला ते हळूच म्हणाले, "गाडी फार छान चालतेय हो."

"वरवर," काचवाला म्हणाला. "आतून जळत असणार."

"टकटक तर नाहीच."

"तेच तर. दुखणं आत गेलंय."

चौथ्या फेरीनंतर काचवाल्याच्या बायकोचा फोन आला. ती दुकानात गल्ल्यापाशी बसून होती आणि दुकानाला, काचवाल्याचंच असल्यामुळे, पुढून सगळी काच होती.

"अहो, कुठे आहात?"

"जवळच आहे."

"ते दिसतंय. चौथ्यांदा दिसतंय. आरसा पोचवायचाय की मिरवायचाय?"

"पेट्रोल संपवतोय."

"बाबा आहेत का शेजारी?"

"आहेत."

"मग बरोबर," असं म्हणून तिने फोन ठेवला. पाचव्या फेरीला तिने दुकानाचा पडदा ओढून घेतलेला होता.

चौकातल्या पोलिसाने पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या पाहिल्या. तिसऱ्या फेरीला त्याला आरशात स्वतःची टोपी वाकडी दिसली आणि त्याने ती सरळ केली. सहाव्या फेरीला त्याच्या हातात कंगवा होता. पण गाडी पुढे जायची, भांग अर्धवट राहायचा आणि पुढच्या फेरीपर्यंत वारा तो पुन्हा विसकटून टाकायचा. अखेर नवव्या फेरीला त्याने हात आडवा करून पिकअप थांबवली आणि सावकाश, नीट भांग पाडून घेतला. इंजिन चालूच होतं. अकराव्या फेरीला त्याने पुन्हा थांबवलं, कारण आता मिशीही पाहायची होती.

"साहेब, आम्हाला उशीर होतोय," काचवाला खिडकीतून म्हणाला.

"उशीर होत असता तर तुम्ही अकरा वेळा आला नसता," पोलीस म्हणाला.

चौदाव्या फेरीला, चढाच्या पायथ्याशी वळण घेताना, गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ती रस्त्याच्या कडेला निवांत उभी राहिली. चार वाजायला पाच मिनिटं होती. पंप दीड किलोमीटरवर होता. मास्तरांनी चिठोरं पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं की पोलिसाच्या मिशीचं पेट्रोल आपण गणितात धरलं नव्हतं.

"डबा घेऊन पंपावर पळतो," काचवाला उतरत म्हणाला. "एक्याण्णव आणतो. त्याच्या वर थेंब नाही."

मास्तर जागचे हलले नाहीत. मघापासून त्यांना काहीतरी टोचत होतं. पंच्याण्णववर गाडी बिघडायला हवी होती आणि ती इतकी गुणी कशी वागली, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं.

"जावईबापू, मेकॅनिक नेमकं काय म्हणाला? त्याचे शब्द सांगा. अर्थ नको."

"किमान एक्याण्णव."

मास्तरांनी चष्मा काढला. "किमान?"

"दोनदा म्हणाला."

"किमान म्हणजे काय हो?"

"जास्तीत जास्त."

"आणि कमाल?"

"कमीत कमी. त्यात 'कम' आहेच की. कमाल. मग उरला तो किमान, तो उलटा." काचवाल्याने हे इतक्या सहज सांगितलं की मास्तर क्षणभर स्वतःच गोंधळले. ध चा मा झाला असता तर निदान कुणाला दोष तरी देता आला असता. इथे शब्द अक्षरशः बरोबर पोचला होता, अर्थ तेवढा डोक्यावर उभा होता.

"रीत सुरेख आहे," ते अखेर म्हणाले. "रीतीचे गुण मी दिले असते. पण उत्तर उलटं आहे. किमान म्हणजे कमीत कमी. एक्याण्णवच्या खाली जाऊ नकोस, एवढंच तो सांगत होता. वर कितीही चाललं असतं."

"म्हणजे पंच्याण्णव चाललं असतं?"

"चाललं असतं काय, चौदा फेऱ्या चाललं!"

मास्तरांना वाटलं, आता जावई हसेल, नाहीतर चिडेल. काचवाल्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने हळूच खिशात हात घातला, घडी पडून मऊ झालेली बाईंची चिठ्ठी बाहेर काढली, ती एकदा वाचली आणि फुटपाथच्या कडेवर बसला.

"काय झालं?"

"आता पेट्रोलची घाई नाही, बाबा," तो म्हणाला. "माझा आरसा लहान आहे."

मास्तरांनी चिठ्ठी घेतली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: उंची पाच फूट, रुंदी किमान सहा फूट.

"पहिला किती कापला होता?"

"पाच फूट अकरा इंच. सहाच्या वर जायला नको म्हणून इंचभर कमी."

"बाई म्हणाल्या, माप चुकलं."

"मला वाटलं, इंचभर कमी करून भागलं नाही. म्हणून दुसरा पाच फूट नऊ."

"आणि हा?"

"हा तिसऱ्यांदाचा. म्हटलं आता कसलाच धोका नको." काचवाल्याने मान खाली घातली. "पाच फूट सहा."

मास्तरांना हसू आलं होतं, पण समोरचा चेहरा पाहून ते ओठातच राहिलं. "कुणाला विचारायचं तरी."

"कुणाला विचारू? सतरा वर्षं मापं घेतोय मी. माप घेणाऱ्या माणसाने किमान म्हणजे काय, हे कुणाला विचारायचं? घरात तुम्ही मास्तर. तुम्हाला विचारायची तर जास्तच लाज वाटली असती."

मास्तर त्याच्या शेजारी, फुटपाथच्या कडेवरच बसले. "मी एकतीस वर्षं पोरांना किमान-कमालची गणितं घातली," ते म्हणाले. "हे शब्द कळतात का, असं एकाही वर्गाला कधी विचारलं नाही. तेव्हा लाज निम्मी निम्मी वाटून घेऊ." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आधीचे दोन आरसे कुठे आहेत?"

"वरच. बाईंच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेत. टकटक गाडीतून काच उतारावर आणायचा धीर झाला नाही."

"उंची तिन्हींची सारखी?"

"पाच फूट. उंचीपुढे किमान नव्हतं, म्हणून ती बरोबर आली."

मास्तरांनी चिठ्ठीच्या मागे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली. "सतरा फूट दोन इंच. भिंत केवढी आहे?"

"अठरा असेल."

"उठा," मास्तर म्हणाले. "किमानाला वरची हद्द नसते."

गाडी चढणार नव्हती आणि डब्यातून पेट्रोल आणेपर्यंत वेळ गेला असता. म्हणून आरसा खांद्यावरच निघाला. पुढे काचवाला, मागे मास्तर. शंभर पावलांनंतर मास्तरांचा श्वास फुलला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "काका, सरका बाजूला." तो चौकातला पोलीस होता. ड्यूटी चारला संपली होती आणि तेराव्या फेरीनंतर आरसा परत आला नाही म्हणून तो शोधत आला होता. उरलेला चढ तो आरशामागे, स्वतःकडे बघत बघत चढला.

पाचला आठ मिनिटं असताना ते हॉलच्या दारात पोचले. बाईंनी टेप काढला, लावला आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"अहो, हा तर आणखी लहान! तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

मास्तर पुढे झाले. "बाई, हा एकटा नाही. हे तिघे मिळून आहेत. तुम्हाला किमान सहा फूट हवं होतं, हे सतरा फूट दोन इंच आहे."

"एवढं मी मागितलं नव्हतं!"

"वरची हद्द तुम्ही घातली नव्हती," मास्तरांनी चिठ्ठी पुढे धरली. "अक्षर तुमचंच आहे."

बाईंनी चिठ्ठी वाचली. तोवर काचवाल्याने आणि पोलिसाने तिन्ही आरसे भिंतीला शेजारी शेजारी टेकवले होते आणि मुली आपापल्या जागी उभ्या राहू लागल्या होत्या. मागच्या रांगेतली एक लहान मुलगी एकदम ओरडली, "बाई, मला माझे पाय दिसतायत!" बाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं, मग आरशांकडे.

"जोड नीट मिळवा," त्या म्हणाल्या. "आणि हे असं करणार होता तर पहिल्याच दिवशी सांगायचं. उगाच तीन हेलपाटे."

सहाच्या सुमारास सासरा-जावई डबा घेऊन पंपावर पोचले. खांदे दुखत होते, पण काचवाल्याची पावलं हलकी होती.

"संपलं का पंच्याण्णव?" पंपावरच्या माणसाने विचारलं. "आता सत्त्याऐंशीही आलंय. कुठलं घालू?"

"मेकॅनिकने किमान एक्याण्णव सांगितलंय," काचवाला म्हणाला.

"हां, म्हणजे सत्त्याऐंशी चालेल. एक्याण्णवच्या वर तेवढं जायचं नाही."

काचवाला थांबला. "किमान म्हणजे वर जायचं नाही?"

"मग काय? कमालमध्ये 'कम' आहे ना साहेब, ते कमीत कमी. किमान म्हणजे जास्तीत जास्त." तो माणूस जरा चाचरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असंच आहे ना? मी कधी कुणाला विचारलं नाही."

दिवसभरात काचवाल्याला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं. त्याने डबा खाली ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं. "बाबा, याला तुम्ही सांगता?"

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि जावयाच्या हातात दिलं.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले.